कोकिळाआक्कांची हरकत

सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या प्रयोगशाळेत सुताची ताकद तपासतात. धागा चिमट्यात धरायचा, यंत्रानं ताणायचा, तुटला की आकडा लिहायचा. तिथं एका दुपारी एक बाई आल्या आणि आवाज मोजायचं यंत्र आहे का, असं विचारू लागल्या. मी नाही म्हणालो. त्या गेल्या नाहीत. मग कुठं मिळेल, त्या माणसाचं नाव काय, तो कधी भेटतो, त्याला मराठी येतं का, असं एकामागून एक विचारत राहिल्या. मी खुर्ची पुढं केली. तिच्या पाठीवर हात ठेवून त्या उभ्याच राहिल्या. जमिनीवर पडलेला तुटका धागा त्यांनी वाकून उचलला आणि बोलता बोलता त्याच्या दोन टोकांना अशी बारीक गाठ मारली, की बोट फिरवलं तरी लागू नये. अर्ध्या तासानं त्या गेल्या तेव्हा टेबलावर असे पाच-सहा सांधलेले धागे पडलेले होते.

कोकिळाआक्का. मूळच्या शिंदखेड्याकडच्या. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या आणि वार्पिंगवर लागल्या. लूमवर कापड विणायच्या आधी शेकडो धागे एका मोठ्या रुळावर शेजारी शेजारी गुंडाळावे लागतात, ते काम. त्या रुळाला बीम म्हणतात. बीम माणसाच्या कमरेएवढा उंच असतो, आणि धागा तुटला की कुणीतरी त्याच्या मागं जाऊन तो सांधायचा. ही गाठ तिथलीच.

आक्कांना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. चहा बशीत ओतून फिरत फिरत प्यायच्या. कुणी काही सांगितलं की ते संपायच्या आत त्यांचा प्रश्न तयार असायचा, "मग पुढं?" साहेबांना भेटलो. मग पुढं? अर्ज दिला. मग पुढं? एकदा त्यांच्या गल्लीतल्या एका बाईनं मुलीचं लग्न ठरल्याची बातमी आनंदानं सांगितली, तेव्हाही आक्कांच्या तोंडून हेच निघालं. ती बाई हिरमुसली. आक्का मग दोन दिवस तिच्या घरी मसाला कुटायला जात होत्या.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हिरामणनाना, म्हणजे त्यांचे यजमान, भाकरी थापत होते. डाव्या हाताला तीन बोटं नव्हती. उरलेल्या दोन बोटांवर भाकरी तोलून ते ती इतक्या सफाईनं तव्यावर टाकत, की माझं लक्ष हाताकडे जायच्या ऐवजी भाकरीकडेच गेलं. नानांना ऐकू येत नव्हतं. आक्का त्यांच्याशी आवाज न काढता, फक्त ओठ हलवून बोलायच्या. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, काम केलेली सगळी माणसं तशी बोलतात. त्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. घरात दोन माणसं जेवताना पोटभर गप्पा मारताहेत आणि आवाज मात्र फक्त ताटांचा, हे मी तिथं पाहिलं.

नानांच्या हाताचं आक्कांनी मला एकदाच सांगितलं, तेही उभ्यानं, दाराच्या चौकटीला टेकून. दोघं एकाच खात्यात होते. नाना बीमच्या मागं वाकून धागा सांधत होते. पुढच्या माणसाला ते दिसले नाहीत. मशीन सुरू होण्याआधी इशाऱ्याची घंटा वाजते, तशी ती वाजली. आक्का समोरच्या मशीनवर होत्या. घंटेवरची छोटी हातोडी थरथरताना त्यांना दिसली. आवाज आला नाही, हातोडी दिसली. त्या धावल्या. पोचायच्या आत बीम फिरला होता.

पुढं चौकशी झाली. कागदावर एक ओळ आली, इशाऱ्याची घंटा चालू होती. खात्यातल्या मास्तरनं आक्कांना समजावलं, की घंटा नियमाप्रमाणे होती, वाजतही होती, आता लक्ष नाही दिलं तर मालक काय करणार. आक्कांनी विचारलं, नियम कोण करतं? मास्तर म्हणाला, ते वरून येतं. आक्का म्हणाल्या, वर म्हणजे कुठं?

हा प्रश्न त्या नऊ-दहा वर्षं विचारत फिरत होत्या. दरम्यान त्यांनी काम सोडून उधन्यातच एका चाळीतल्या खोलीत कामगारांच्या आरोग्याचं मंडळ चालवायला घेतलं होतं. ते मंडळ दिल्लीच्या एका संघटनेशी जोडलेलं, आणि ती संघटना परदेशातल्या एका मोठ्या महासंघाशी. दिल्लीला थॉमस मॅडम म्हणून एक बाई होत्या. त्यांनी एकदा आक्कांना निरोप पाठवला, की कापडाच्या यंत्रांच्या सुरक्षिततेचं जे आंतरराष्ट्रीय मानक असतं, ते बदलायला घेतलंय. मशीन बनवणारे त्यावर चालतात. घंटा किती मोठ्यानं वाजावी, तेही त्यातच असतं.

आक्का त्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या त्या जवळजवळ पळतच. मला म्हणाल्या, "भाऊ, वर कुठं ते सापडलं."

मसुदा इंग्रजीत होता म्हणून त्यांना मी हवा होतो. माझ्या कामाची वेळ संपली की आम्ही मागच्या खोलीत बसायचो, म्हणजे मी बसायचो. थॉमस मॅडमनी हे सगळं चालतं कसं ते फोनवर सांगितलं आणि मी ते आक्कांना. मानक करणाऱ्या समितीत देश असतात आणि शेवटी मत देशांचं. पण ज्यांना त्या यंत्रांशी घेणंदेणं आहे अशा बाहेरच्या संस्थांनाही समिती आपल्याशी जोडून घेते. कामगारांचा महासंघ त्यातलाच एक. अशा संस्थेला मसुदा मिळतो, तिचा माणूस बैठकीला बसू शकतो, हरकत घेऊ शकतो, नवं वाक्य सुचवू शकतो. मत मात्र देता येत नाही.

मला वाटलं, हे ऐकून त्या चिडतील. त्यांनी विचारलं, हरकतीचं मग काय करतात? मी विचारून सांगितलं, की प्रत्येक हरकतीला समितीला लेखी उत्तर द्यावं लागतं, घेतली की नाही घेतली, आणि का.

"द्यावंच लागतं?"

"हो."

"मग मत राहू दे त्यांच्याकडे," आक्का म्हणाल्या. "मला आजवर कुणी लिहून उत्तर दिलेलं नाही."

हरकतीसाठी एक तक्ता होता. कलमाचा क्रमांक, हरकतीचा प्रकार, हरकत, आणि शेवटच्या रकान्यात तुम्हाला हवं असलेलं वाक्य. आक्कांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते लिहिता लिहिता माझी तीन पानं भरली. त्यात नाना होते, मास्तर होता, पांडेसरातल्या एका विधवेचा मुलगा होता, खात्यातली उष्णता होती. मी म्हणालो, हे तक्त्यात बसणार नाही. त्या म्हणाल्या, मग तक्ता मोठा कर. आमचं बरंच वाजलं. त्या तणतणत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला पुन्हा आल्या, जणू काही झालंच नव्हतं. शेवटच्या रकान्यानं त्यांना रात्रभर छळलं असणार. येताच म्हणाल्या, की आपण आजवर काय चुकलं तेच सांगत आलो. त्याच्या जागी काय लिहायचं हे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून सुचलंही नव्हतं.

ते एक वाक्य बनवायला आठवडा लागला. 'यंत्र सुरू होण्यापूर्वी ऐकू येणाऱ्या इशाऱ्याबरोबर यंत्राच्या सर्व बाजूंनी दिसेल असा दिव्याचा इशाराही असलाच पाहिजे.' 'सर्व बाजूंनी' हे शब्द आक्कांचे. त्यावर त्या अडून बसल्या, कारण नाना बीमच्या मागं होते. दिल्लीमार्गे ते वाक्य महासंघाकडे गेलं आणि महासंघानं आपल्या हरकतींत घातलं.

मग वाट पाहणं आलं, आणि वाट पाहणं आक्कांना जमत नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी त्या प्रयोगशाळेच्या दारात यायच्या, नुसत्या भुवया उंचावायच्या, मी मान हलवली की परत फिरायच्या. मलाही ती सवय लागली. सकाळी आधी संगणकावर आलेलं टपाल बघायचं, मग सूत. काही महिन्यांनी उत्तर आलं. स्वीकारलं नाही. घंटेच्या आवाजाची ठरवलेली पातळी पुरेशी आहे. ती ऐकू येत नाही याचा पुरावा जोडलेला नाही.

हे कसं सांगावं या विचारात मी होतो. आक्कांनी कागद माझ्या हातातून घेतला, ती ओळ कुठली ते विचारलं आणि तिच्यावरून बोट फिरवलं. नाही म्हणाले, पण कारण दिलं, असं त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "आता पुरावा आणायचा."

कडोदऱ्याला रमणीकभाई म्हणून एक शेठ आक्कांच्या ओळखीचे होते. भला माणूस, पण घाबरट. त्यांनी आपल्या खात्यात चाचणी करू द्यायचं कबूल केलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "अर्धो कलाक, बेन. वधारे नहीं." अर्धा तास, त्याहून जास्त नाही. कामगारांनी भिंतीकडे तोंड करून एका ओळीत उभं राहायचं, मागं सगळे लूम चालू ठेवायचे, घंटा ऐकू आली की हात वर करायचा. घंटेचं बटण आक्कांकडे, लिहायला मी.

आक्कांनी बटण दाबलं. सगळ्यांचे हात वर गेले. दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा सगळे हात वर. म्हणजे समिती बरोबर होती. इतकी वर्षं ही बाई ज्यावर उभी आहे ते असं दोन मिनिटांत खाली बसलं, आणि लिहून काढायचं काम माझ्याकडे. रमणीकभाई बाजूला उभे राहून खुशीत मान डोलवत होते.

आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या ओळीकडे बघत होत्या. मग त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले, बटणापासून चार पावलं दूर झाल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. जरा वेळानं टोकाच्या एका म्हाताऱ्या कामगाराचा हात हळूच वर गेला. त्याच्या शेजाऱ्यानं तिरक्या नजरेनं तो पाहिला आणि आपला हात वर केला. मग पुढच्यानं. बघता बघता सगळी ओळ हात वर करून उभी होती, आणि घंटा वाजलीच नव्हती.

मला आधी हसू आलं. मग तो म्हातारा डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेठकडे बघतोय हे दिसलं आणि ते गेलं. बहिऱ्या माणसाला कोण कामावर ठेवणार? शेठ बाजूलाच उभे होते.

आक्कांनी रमणीकभाईंना जरा बाहेर थांबा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, माझ्याच खात्यातून मला बाहेर? आक्का म्हणाल्या, पाच मिनिटं. ते गेले. मग आक्का ओळीपुढं, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्या खडखडाटात ओठांनी बोलायला लागल्या. काय म्हणाल्या ते मला कळलं नाही; मला ती बोली येत नाही. एवढं दिसलं, की मध्येच त्यांनी आपला डावा हात वर करून तीन बोटं दुमडली. तो म्हातारा खाली बघू लागला. त्यानंतर पुन्हा घंटा वाजवली तेव्हा ओळीत तुरळक हात वर गेले, तेही तरुणांचे.

परतताना रिक्षातून उतरताना आक्का म्हणाल्या, की पहिल्यापासून जसं झालं तसंच लिही, न वाजलेली घंटासुद्धा. नावं मात्र लिहू नको, खात्याचंही नको.

त्या कागदामुळे समितीनं महासंघाला पुढच्या बैठकीत हा मुद्दा मांडायला वेळ दिला, आणि महासंघानं आपल्या तज्ज्ञाबरोबर आक्कांनाही बोलायला बोलावलं. बैठक संगणकावर होती. तिकडे सकाळ, आपल्याकडे दुपार. आमच्या साहेबांनी आपली केबिन दिली. पडद्यावर चौकटी-चौकटींतून माणसं दिसत होती. अध्यक्ष कुठल्याशा थंड देशातले एक वयस्क इंजिनिअर होते, स्वेटर घातलेले.

ते बोलू लागले आणि मी पडद्याकडे बघत मराठीत सांगू लागलो. आक्कांनी माझी हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"माझ्याकडे बघून बोल."

मी थबकलो. वर्षभर ही बाई माझ्यासमोर येऊन उभी राहत होती. कधी बाजूला नाही, कधी पाठमोरी नाही. मी फोनवर बोलतो म्हटलं की, नको, मी येते म्हणायची. खुर्चीवर बसलं तर माझं तोंड नीट दिसणार नाही म्हणून ती उभी राहत असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी फक्त तिचा स्वभाव धरून चाललो होतो.

"आक्का, तुम्हाला…"

"थोडं ऐकू येतं. नंतर बोलू. ते काय म्हणतात?"

मशीन बनवणाऱ्यांच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणत होते, की कामगारांनी कानात बोळे घातले तर कान शाबूत राहतील आणि घंटाही नेमकी ऐकू येईल. दिव्यांनी उगाच लक्ष विचलित होतं. मी ते आक्कांच्या तोंडाकडे बघत सांगितलं. त्यांनी उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. त्या म्हणाल्या, ज्यांचे कान उद्या वाचतील त्यांचं तुम्ही बोलताय. ज्यांचे गेलेत ते आज कामावर आहेत आणि ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत. मग अध्यक्षांनी विचारलं, की घंटा न वाजवता हात वर गेले, हे तुम्हाला आधीच माहीत होतं का? आक्का म्हणाल्या, "मीसुद्धा तसाच हात वर करायची."

हे मी इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि मुद्दा नोंदवून घेतला.

पुढचा मसुदा आला त्यात दिवा होता. पण वाक्याच्या शेवटी 'असलाच पाहिजे' नव्हतं, 'असावा' होतं. थॉमस मॅडमनी फरक सांगितला. 'असावा' म्हणजे शिफारस. बनवणाऱ्यानं मनावर घेतलं तर घेतलं. आक्का खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायला लागल्या आणि नेहमी माझ्याशी मराठी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून अहिराणी सुटली. "असावा नही. असालेच पाहिजे. लिख, भाऊ."

लिहिलं. पण आता ते मतावर येणार होतं आणि मत देशांचं. मग त्यांनी आपल्या देशाच्या समितीवर कोण बसतं ते शोधून काढलं. त्यातले एक प्राध्यापक सुरतेतच राहत होते. आक्का तीन दिवस त्यांच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी त्यांना आत बोलावलं, कडोदऱ्याचा कागद वाचला आणि पुन्हा वाचला. आपल्या देशानं त्या वाक्यावर हरकत घेतली. आणखी काही देशांनी घेतली. ओढाताण होत होत शेवटी जे छापलं गेलं ते असं होतं, की जिथं गोंगाटामुळे किंवा कामगारांच्या ऐकण्याच्या मर्यादेमुळे घंटा पुरेशी ऐकू येणार नाही, तिथं दिव्याचा इशारा असलाच पाहिजे. 'सर्व बाजूंनी' हे शब्द राहिले होते.

मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आक्कांनी नानांना सगळं ओठांनी सांगितलं. बराच वेळ लागला. नाना लक्ष देऊन बघत होते. मग त्यांनी तोंडानं, जरा जास्तच मोठ्यानं विचारलं, "आपला खाताना मशीनले लागी का?" आपल्या खात्यातल्या मशीनला हे लागू होईल का, असं ते विचारत होते.

लागणार नव्हतं. मानक नव्या यंत्रांसाठी होतं, आणि तेही ज्यांनी ते पाळायचं ठरवलं त्यांच्यासाठी. उधना, पांडेसरा, कडोदरा इथली हजारो जुनी मशीनं तशीच, नुसत्या घंटेवर चालत राहणार होती. हे आक्कांना माहीत होतं, मलाही होतं. आम्ही दोघांनी ते अजून मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आक्का उठल्या, पेढा तसाच वाटीत ठेवला आणि बाहेर गल्लीत गेल्या. नानांनी मला हातानं खूण केली, बस, येईल ती.

त्यानंतर त्यांचं माझ्याकडे येणं कमी झालं. मानकाचं ते पान त्यांनी गुजरातीत उतरवून घेतलं आणि खात्याखात्यातून फिरू लागल्या. कायदा नाही, सक्ती नाही, फक्त एक दिवा लावा एवढंच. कानावर यायचं, की अमक्यानं लावला, तमक्यानं हाकलून दिलं. कडोदऱ्याला रमणीकभाईंनी दोन मशीनवर लावला म्हणे. त्या म्हाताऱ्या कामगाराला त्यांनी काढलं नव्हतं, हेही कळलं. मला मात्र झोपेत कधी कधी ती हात वर केलेली ओळ दिसायची. अजून दिसते.

मला इचलकरंजीला नोकरी लागली. सुरत सोडायच्या आठवड्यात मी काही कागदांसाठी इच्छापोरला गेलो होतो. परतताना बस हजीरा रस्त्यावर अडकली. खिडकीतून एका मोठ्या कारखान्याचं फाटक दिसत होतं, आणि फाटकापाशी आक्का. त्या इतक्या लांब कशा आल्या, कुणी बोलावलं होतं, काही माहीत नाही. वॉचमन तरुण होता. तो हातानं नाही, नाही करत होता. आक्कांनी पिशवीतून मानकाचा तो गुजराती कागद काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं टाळला. त्यांनी पुन्हा धरला. शेवटी वैतागून त्यानं तो घेतला आणि वाचायला लागला, ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून. आक्का त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. वाचता वाचता तो थांबला, मागं वळून आत कारखान्याकडे बघितलं, आणि मग त्यांना काहीतरी विचारलं.

मी खिडकीतून हाक मारली. मारल्यावर कळलं, की उपयोग नाही. उतरावं म्हणून मी पिशवी उचलली, तेवढ्यात पुढची गाडी हलली आणि बसनं वेग घेतला. वळणावर मान मोडून मागं पाहिलं, तर वॉचमननं मोठ्या फाटकातलं छोटं दार उघडलं होतं आणि आक्का पदर खोचून, डोकं वाकवून आत शिरत होत्या.